परसूशेठचा उजवा हात

परसूशेठला डिझाईन दाखवलं की तो डोळे बारीक करून ते बघायचा आणि मग कागद उभा टरकावायचा. वर म्हणायचा, "अब फिरसे बना. तेरा है तो याद होगा. चोरी का है तो भूल जाएगी." कामाच्या पहिल्याच दिवशी माझ्या मोरांच्या त्याने चिंध्या केल्या. मी रडत रडत ते पुन्हा काढले. दुसऱ्या खेपेचे मोर जास्त चांगले निघाले, आणि त्याचा मला अधिकच राग आला.

उल्हासनगरात त्याचा साड्यांच्या छपाईचा कारखाना होता. मी विठ्ठलवाडीहून यायची. या सिंधी माणसाच्या तोंडाआधी त्याचा उजवा हात चालायचा. आमच्यातल्या साळवी नावाच्या आर्टिस्टला त्याने एकदा लाकडी पट्टीने असं हाणलं की पट्टी मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ त्याच्यासाठी स्वतःच्या घरून दालपकवान घेऊन आला. साळवीने ते बोटं चाटत खाल्लं, पण पुढे बरेच दिवस तो शेठच्या डाव्या बाजूलाच उभा राहायचा. मला हा माणूस आवडत नव्हता, आणि त्याच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही हेही कळत होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याने कॉम्प्युटर आणला तो मारामारीमुळे. एका वेलबुट्टीवरून, ती आधी कुणाला सुचली म्हणून, साळवी आणि दुसरा एक आर्टिस्ट कटर घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले. साळवीच्या दंडाला टाके पडले. शेठने दोघांनाही बडवलं आणि नंतर मला मशीनवर बसवलं. प्रत्येक चित्र, प्रत्येक बदल, काढणाऱ्याच्या नावाने त्यात जायला लागला. टाकाऊ म्हणून काहीच पुसायचं नाही. "मशीन को मालूम है किसने पहले सोचा," तो म्हणायचा. "झूठ नहीं बोलती, थप्पड भी नहीं मारती." साळवीने टाकून दिलेला पोपट माझ्या काठात जाऊन बसायचा, आणि साडीवर नाव दोघांचं लागायचं. भांडणं थांबली. फक्त स्क्रीनवरचं डिझाईन फाडता येईना, म्हणून चिडून तो मॉनिटरच्या डोक्यावर चापट मारायचा. मग कागदावर काढायला लावून फाडायचा.

दिवाळीच्या आधी, भर दुपारी, तीन माणसं लोखंडी कांबी घेऊन आत आली. बाजारातल्या एका व्यापाऱ्याला आमची डिझाईन्स आमच्याआधी छापायची होती. ती गेली असती तर आमचा हंगाम बुडाला असता, आणि कारखानाही. एकाने साळवीला भिंतीवर आपटलं. दुसऱ्याने विचारलं, "डिझाईन किधर रखा है?"

डिझाईन्स मॉनिटरमध्ये नव्हती, टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात, कॉम्प्युटरच्या सीपीयूत होती. त्यावर शेठचा टिफिन ठेवलेला असायचा. शेठला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो झेपावला आणि मॉनिटरला मिठी मारून ओरडला, "इसको हाथ मत लगाना, मेरा सब कुछ इसमें है." बोलायला माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं.

त्यांनी त्याला लाथा घातल्या, तरी मिठी सुटेना. मग एकाने त्याचा उजवा हात टेबलाच्या कडेवर दाबून धरला आणि दुसऱ्याने कांब हाणली. एकदा नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वायरी उपटून ते मॉनिटर रिक्षात घालून घेऊन गेले. फरशीवर पडलेल्या शेठच्या तोंडातून रक्त येत होतं.

"मंगल," तो म्हणाला, "डिब्बा देख."

डबा शाबूत होता. टिफिनसुद्धा कलंडला नव्हता. दुसरा मॉनिटर आणून आम्ही काम सुरू केलं आणि दिवाळीचा माल बाजारात पहिला आमचा गेला.

प्लास्टर निघालं, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. तो कामावर परतल्यावर मी त्याला नवा काठ दाखवला. त्याने डोळे बारीक केले, कागद धरला, आणि उजव्या हातातून तो घसरून खाली पडला. साळवीने मान फिरवली. मला त्या कांबवाल्यांचा जीव घ्यावासा वाटला.

शेठने खाली पडलेल्या कागदाकडे बोट केलं. "तू फाड."

मी उचलला. दोन्ही हातांत धरला. फाडायला कड चिमटीत पकडली आणि तशीच सोडली.

"नहीं फटता?"

"नाही, शेठ."

"तो छाप," तो म्हणाला, आणि टिफिन उघडून डाव्या हाताने जेवायला बसला.