अनुसयाबाईची सुरगाठ

हिंगणघाटात मार्च लागला की ऊन डोक्यात शिरतं. अंगावर बनियनसुद्धा नकोसं होतं. अशा गावात सहा-सात वर्षांच्या लेकरांच्या गळ्यात टाय. जाड, लाल-निळ्या पट्ट्यांचा, घामानं मानेला चिकटणारा. ही कोणाची अक्कल, ते मला आजवर कळलेलं नाही. पण आईबापाला तो फार आवडतो. टाय दिसला म्हणजे इंग्रजी शाळा दिसली.

बांधता मात्र कोणालाच येत नाही. आईबापाला नाही, निम्म्या शिक्षकांनाही नाही. म्हणून हायवेजवळच्या त्या शाळेच्या फाटकात, निंबाखाली, सकाळी सातच्या आधीच अनुसयाबाई उभी असायची. शाळेत ती मावशी. घंटा देणं, वर्ग झाडणं, चड्डीत झालेल्यांना धुणं आणि टाय. चौदा वर्षं झाली.

गाठ ती शिकली नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हाच्या पी.टी.च्या सरांनी स्वतःच्या गळ्यात एकदा बांधून दाखवली. घरी येऊन तिनं नवऱ्याचा खांद्यावरचा दुपट्टा गळ्यात घेतला आणि आरशापुढं उभी राहून ती हातात बसेस्तोवर बांधली. आपल्याच गळ्यात शिकल्यामुळं तिला समोरून टाय बांधता येत नाही, डावं-उजवं उलटं होतं. मग ती लेकराला पाठमोरं करायची, पोटाशी टेकवायची आणि मागून दोन्ही हात पुढं घालून बांधायची. लेकरंही अर्धी झोप तिथंच काढून घ्यायची.

त्यामुळं तिला तोंडं कमी आणि माना जास्त ओळखीच्या. काटकुळ्या मानेला ती दोन फेऱ्यांची गाठ द्यायची, नाहीतर टाय सरकत पोटावर येतो. गोबऱ्या मानेला एकच फेरी, नाहीतर हनुवटीत टोचते. मोठ्या भावाचा धुऊन धुऊन चिंधी झालेला टाय असला की तीन फेऱ्या, तेव्हा कुठं ती गाठ चारचौघांत उभी राहते.

यंदा जानेवारीत तिसरीतला अंकित तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिनं कॉलर वर केली आणि हात थांबला. मानेवर मागून आडवा वळ होता. लालभडक, कातडी सोललेली.

"काऊन रे बापू, हे काय झालं?"

अंकित पुढंच पाहत म्हणाला, "जोडे पॉलिश नोते माये."

"जोडे पॉलिश नोते तं मान काऊन सोलली?"

"सरनं टाय धरून स्टेजवर नेलं."

सर म्हणजे स्वप्निल सर, शाळेच्या शिस्तीचे मुख्य. त्या दिवशी अनुसयाबाईनं प्रत्येक कॉलर वर करून पाहिली. आणखी चार माना निघाल्या. एक तर मयुरीची, पहिलीतली, अजून र म्हणता येत नाही तिला.

बाई दुपारी सरांकडे गेली. सर हसले. बैलाला वेसण असते तसा पोरांना टाय असतो, हे त्यांचं म्हणणं. पालकसभेत चार बापांनीच सांगितलं होतं म्हणे, सर, सोडू नका, कान धरा. कान धरला तर बोभाटा होतो, टाय धरला तर कोणी विचारत नाही, हेही त्यांनी हसतहसतच सांगितलं. बाईकडून हे ऐकताना मला त्या सरांपेक्षा त्या चार बापांचाच जास्त संताप आला. आपल्या लेकराच्या गळ्यातला पट्टा दुसऱ्याच्या हाती देऊन हे मोटरसायकलला किक मारून निघून जातात.

मग ती प्रिन्सिपल मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अनुसयाबाई, तुमचं काम गाठ मारायचं आहे. ते तुम्ही छान करता. तेवढंच करा."

बाई "बरं" म्हणाली आणि बाहेर आली.

अनुसयाबाई गिरडकडची. तिचा बाप तानबा याच्याजवळ एक बैलजोडी होती. ती लहान असताना शेजारच्या गोठ्याला आग लागली. दाव्यांना निरगाठी मारलेल्या, घाईत कोणाला सुटल्या नाहीत, दोन जनावरं खुंट्यालाच भाजून मेली. तेव्हापासून तानबा दावं नेहमी सुरगाठीनं बांधायचा. दाव्याचा शेवट गाठीतून आख्खा न काढता तो दुमडून त्याचा मुडपा आत ठेवायचा. वरून गाठ पक्की, टोक ओढलं की मोकळी. बांधावं असं, का लेकरालेही सोडता आलं पायजे, असं तो पोरीला सांगायचा.

मॅडमकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली बाईनं तेच केलं. रुंद टोक गाठीतून पुरं ओढून न घेता त्याचा मुडपा आत ठेवला, मुडपा कॉलरखाली लपवला, टोक रोजच्यासारखं पुढं सोडलं. समोरून पाहणाऱ्याला काही फरक नाही. लेकरांना तिनं बजावलं, आपसात ओढायचा नाही. लेकरंच ती, त्यांनी ओढलाच. मधल्या सुट्टीत पंधरा-वीस जण हातात टाय घेऊन तिच्याकडे रांगेत. तिनं पुन्हा बांधून दिले. सरांजवळ मात्र एकानंही तोंड उघडलं नाही.

पाचव्या दिवशी प्रार्थनेत अंकित शेजाऱ्याशी कुजबुजला. सर स्टेजवरून उतरले, लांब ढांगा टाकत आले, त्याचा टाय धरला आणि हिसका दिला. टाय सगळाच्या सगळा त्यांच्या हातात आला. सर दोन पावलं मागं धडपडले. अंकित होता तिथंच उभा, हात जोडून.

सरांनी शेजारच्याचा ओढला. तोही आला. मग त्याच्या पलीकडचा. सात टाय मुठीत लोंबायला लागले तेव्हा मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सरांचं लक्ष फाटकात उभ्या बाईकडे गेलं.

ऑफिसात बाईला उभं केलं. शाळेच्या गणवेशाची टिंगल, मुलांना भडकावणं, चौदा वर्षांच्या विश्वासाचा घात, सगळं ऐकवून झालं. बाई खाली मान घालून ऐकत होती. शेवटी मॅडमनी विचारलं, असं का केलंत?

"मॅडम, आमी जनावराले बांधतो तरी सुटाची सोय ठेवतो," ती म्हणाली. "हे तं लेकरं हायेत. तुमीच म्हनलं, गाठ मारा. मी गाठच मारली."

तिला काढलं नाही. काढलं असतं तर पालकांनी कारण विचारलं असतं आणि कारण पाच मानांवर होतं. तिला मागं टाकलं, संडास आणि पाण्याच्या टाकीकडे. फाटकाकडे सकाळी फिरकायचं नाही. वर पालकांना चिठ्ठी: टाय घरूनच नीट बांधून पाठवावा. ज्यांना बांधता येत नाही त्यांनाच ही चिठ्ठी. वळाबद्दल एक अक्षर नाही. कोणी माफी मागितली नाही, अजूनही नाही. म्हणून तर मी हे लिहून ठेवतो आहे.

सोमवारी टाकीजवळ बादली भरताना बाईनं भिंतीवरून पाहिलं. ऑटोतून उतरलेली पोरं आत आली नाहीत. निंबाखाली एकामागं एक उभी राहिली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. प्रत्येकजण पुढच्याच्या खांद्यावरून हात घालून त्याचा टाय बांधत होता. पाठमोरं, पोटाशी टेकवून, तिच्यासारखंच. समोरून बांधता येतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. अंकित मयुरीचा बांधत होता, जीभ दातात धरून. काही गाठी वाकड्या, काही बटाट्याएवढ्या. पण प्रत्येक कॉलर शेवटी वर उचलली गेली आणि खाली मुडपा सारून पुन्हा पाडली गेली.

प्रार्थनेला सर रांगेतून फिरले. मयुरीचे मोजे दोन रंगांचे होते. सर थांबले. त्यांचा हात तिच्या टायकडे गेला, गाठीपाशी थोडा वेळ तसाच राहिला. सगळी रांग त्या हाताकडे पाहत होती.

मग सरांनी तो हात पँटच्या खिशात घातला आणि पुढं गेले.