टी-पॉइंटपर्यंतची बॅटरी

मी खरेदी खात्यातला माणूस. हिंगण्याच्या एका कारखान्यात निम्मं आयुष्य गेलं. बेअरिंग, गॅस्केट, हातमोजे, कॅन्टीनची पातेली, जे काही बाहेरून येतं ते माझ्या टेबलावरून आत जातं. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी काही घेत नाही. तिन्ही दर शेजारी शेजारी मांडायचे, त्या तक्त्याला आम्ही कंपॅरिटिव्ह म्हणतो. शंका असली तर एक नमुना मागवायचा आणि ज्या खात्याला वस्तू वापरायची त्यांनाच तो ट्रायलला द्यायचा. त्यांनी हो म्हटलं की ऑर्डर. घरातही हीच रीत, कूलर असो की मिक्सर. बायको पाहुण्यांना सांगायची, "यायनं माह्यासाठी बी तीन कोटेशन मांगवले होते. मी सगळ्यात स्वस्त निघाली."

मागच्या वर्षी थंडी सरता सरता तिला झटका आला. हलका आहे, असं सगळे म्हणाले. बोलणं शाबूत राहिलं, पायही लवकर सावरला. उजवा हात मात्र मनगटापुढे परका झाला. अंगठा तळव्याला चिकटून बसायचा. व्यायाम शिकवायला मॅडम येत, त्यांनी दाबायला मऊ चेंडू दिला. तो हिने डाव्या हाताने दिवाणाखाली भिरकावला. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल असं काहीतरी शोधा, ज्यात अंगठा चालेल. पण लवकर. पहिले काही महिने हात ऐकतो. नंतर हट्टी होतो."

"मले हातातला गेम पाहिजे," ती लगेच म्हणाली.

"मोबाइलवर पुष्कळ असतात की."

"मोबाइल नको मॅडम. काचेवर बोट घसरते. बटनवाला पाहिजे. दाबलं तं दाबल्यासारखं वाटलं पाहिजे."

तिच्या लहानपणी मौद्याला मामाकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला खेळ होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सगळ्या मामेभावांना हरवून रडवायची. हे मी लग्नानंतर ऐकलं होतं आणि विसरलो होतो. त्या दिवशी तिचा चेहरा पाहून आठवलं.

मला तिने एकच अट घातली. "हलका पाहा. बाकी कसा बी असू द्या."

मी कंपॅरिटिव्ह सुरू केला.

हातात धरून खेळायच्या यंत्रांचे ढोबळ तीन प्रकार असतात, हे मला त्या महिन्यात कळलं. एक छोटं, शाळेच्या कंपासपेटीएवढं, जुने खेळ चालवणारं, साध्या मोबाइलपेक्षा स्वस्त. दुसरं मधलं, बाजूच्या मुठी काढता येतात असं. यंत्र परवडतं, पण त्याचे खेळ महाग. आणि तिसरं म्हणजे चक्क हातात धरायचा संगणक. किंमत जुन्या स्कूटरच्या आसपास, पण ताकद अशी की टेबलावरच्या मशीनने मान खाली घालावी. सेकंदाला किती चित्रं, पडदा किती उजळ, बॅटरी किती वेळ, अंगठ्याने फिरवायच्या काड्या किती वर्षं टिकतील, सगळे रकाने मी भरले. कामगिरीला किमतीने भागून पाहिलं. वजनाचाही रकाना होता. त्याला मी गुण दिले नाहीत.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "झाला का तुमचा कंपॅरिटिव्ह?"

"चालू आहे वं. नवीन मॉडेल येऊन राहिलं म्हणे."

"येऊ द्या. तोवर मी डाव्या हातानं जेवाले शिकते."

एप्रिलमध्ये मी ते घेतलं. तिसऱ्या प्रकारातलं. पत्ता कारखान्याचा दिला. पार्सल गेटवरून उचललं, आणि सवयीने आमच्या स्टोअरच्या काट्यावर ठेवलं. काटा जे सांगत होता ते मी वाचलं. एका हाताची बाई ते उचलू शकणार नाही, हे समजायला खरेदी खातं लागत नाही. मी ते काट्यावरून काढलं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं. मनाशी म्हटलं, नमुना आहे, आधी ट्रायल घेऊ. ट्रायल वापरणाऱ्याने घ्यायची असते, हा नियम नवीन पोरांना मीच शिकवतो.

आता जे लिहितोय ते कोणाजवळ बोललो नाही. माझी ट्रायल कंपनीच्या बसमध्ये चालायची, हिंगण्याहून टी-पॉइंटवरून घरी येताना, सगळ्यात मागच्या सीटवर. एक खेळ होता. बर्फातल्या रस्त्यावरून ट्रक हाकायचा, माल पोचवायचा. त्या रस्त्यावर माणूस नाही. बाहेर हिंगणा रोड उन्हाने पांढरा पडलेला, खिडकीच्या दांडीला हात लावता येत नाही, आणि माझ्या हातात बर्फ. घरी गेलो की तिची आंघोळ, तिची वेणी, गोळ्या, ब्लाउजचे हूक, चहाचा कप तिच्या ओठांपर्यंत. मी यातलं काही चुकवलं नाही, रागावलोही नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, किती करतो बिचारा. पण घराजवळचा मानेवाड्याचा चौक दिसायला लागला की छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. बस कुठेतरी बंद पडावी असं वाटायचं. एकदा खरंच पडली. बाकीचे ड्रायव्हरला शिव्या देत रस्त्यावर उतरले, आणि मी मागे बसून आणखी एक ट्रिप मारली. त्या दिवशी ती उशिरापर्यंत पाण्याच्या तांब्याकडे बघत बसली होती. झाकण घट्ट लागलं होतं. ते सकाळी मीच लावलं होतं.

मे सरत आला. मॅडम अंगठा हलवून बघायच्या आणि "बघू" म्हणायच्या. एका संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरत होतो, तिने मागून विचारलं.

"त्या मोठ्यावाल्याचं काय म्हणता मग? चांगला आहे ना?"

"चांगला आहे, पण व्हिडिओत हे सांगणारे सगळे एसीत बसून सांगतात," मी बोलत गेलो. या एका विषयावर माझी जीभ सुटायची. "आपल्या इकडच्या उन्हात त्याचा पंखा पिठाच्या चक्कीसारखा वाजतो. चित्रं अडकतात. टी-पॉइंटपर्यंत येईतो निम्मी बॅटरी खलास."

पाइपचं पाणी टपावरून खाली सांडायला लागलं.

"कोण्या टी-पॉइंटपर्यंत?" ती म्हणाली.

मी नळ बंद केला.

"अहो, मी काय विचारून राहिली? टी-पॉइंट त्या एसीवाल्या पोट्ट्यायले कसा मालूम?"

मी डब्याची पिशवी आणली. तिने डावा हात पुढे केला. यंत्र घेतलं, मांडीवर ठेवलं, कडेकडेने बोट फिरवलं. मग उजव्या हाताची बोटं डाव्याने धरून त्याच्याभोवती एकेक बसवली आणि उचललं. अर्ध्यावर आलं आणि मांडीवर आपटलं.

"इत्तं जड?"

"हो."

"तुम्हाले मालूम होतं?"

खोटं तयार होतं. ऑनलाइन कळत नाही, परत करू, बदलून देतात. "घ्यायच्या आधीच मालूम होतं," मी म्हटलं. "मी माझ्यासाठीच घेतलं."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने आपला मोबाइल ओढला, डाव्या अंगठ्याने काहीबाही दाबलं आणि तो माझ्यापुढे धरला. छोटं, कंपासपेटीवालं. ऑर्डर गेलेली होती. "पहिलं दिसलं ते घेतलं," म्हणाली. "काहून? तुम्हाले तीन पाहिजे होते?"

ते आलं. तिने आधी नुसतं हातात धरून ठेवलं, पूर्ण एक दुपार. आता उजवा अंगठा बटण खाली दाबतो, पण वर यायला वेळ घेतो. तेवढ्यात खेळातला माणूस खड्ड्यात पडलेला असतो. एप्रिलमध्ये सुरू केलं असतं तर फरक पडला असता का, हे मी मॅडमना जिन्यात गाठून विचारलं. त्या चप्पल घालत म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही." पायरी उतरून पुन्हा वर बघितलं. "तुम्ही तेव्हा का नाही दिलं पण?"

माझं मशीन मी विकायला काढलं होतं. तिने विकू दिलं नाही. बसमध्ये न्यायचं नाही, संध्याकाळी इथे, तिच्या शेजारी दिवाणावर बसूनच खेळायचं, असा तिचा हुकूम. एक वर्ष झालं. मी रोज बसतो. मांडीवर ती धोंड घेऊन ट्रक सुरू करतो. शेजारून तिच्या बटणाचा आवाज येतो, टक. मग काही नाही. मी पुढच्या टकची वाट बघतो. बर्फ समोर सरकत राहतो, अंगठा काडीवरून सुटतो.

"समोर पाहा," ती मान वर न करता म्हणते. "गाडी गेली तुमची नालीत."