दुसरं बोलावणं

कौसाबाई कधी दार वाजवत नसे. रस्त्यावरूनच तिचा आवाज यायचा, "घरात कोन हाय वं?" आणि आपण पदर सावरत येईपर्यंत ती हळदीकुंकवाचा करंडा उघडून उंबऱ्यापाशी उभी असायची. पाय अनवाणी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कार्य जणू तिच्याच घरचं. अख्खं दिग्रस तिला आवतनवाली म्हणे. बारसं असो, डोहाळजेवण असो की लग्न, घरोघर आवतन द्यायला कौसाबाईच.

छप्पन साली लग्न होऊन मी दिग्रसला आले. आमचे हे हायस्कुलात मास्तर. गाव तेव्हा भराभर वाढत होतं. कापसाचा बाजार फुगला होता, जिनिंगच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावत, आणि मोटार स्टँडमागच्या उघड्या माळावर दर उन्हाळ्यात नव्या घरांची आणखी एक ओळ उभी राहायची. शेजारी कोण राहायला आलं हे शेजारणीला ठाऊक नसे, पण कौसाबाईला असे. मी नवखी, दिवसचे दिवस कोणाशी बोलले नव्हते, आणि ही दारात येऊन म्हणाली, "सूनबाई, वकिलाच्या घरी बारसं हाय. मीच सांगतलं त्यायले, मास्तरची बायको नवीन आली, एकटीच बसून राह्यते." नव्या वस्तीतल्या माझ्या निम्म्या ओळखी अशा तिनेच लावून दिल्या.

आवतनाचे तिचे कायदे पक्के होते. नुसत्या बायका, की बायका-लेकरं, की चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, घरी चूल पेटवायची नाही. ते सांगताना ती बोट उगारून दम द्यायची, "धूर दिसला तर पाहा बरं!" पण सगळ्यात मोठा कायदा दुसऱ्या बोलावण्याचा. आधीचं आवतन ही नुसती वर्दी. पानं मांडली की ती पुन्हा घरोघर फिरायची, "चला बाई, पानं वाढले!" त्याआधी जाणं म्हणजे हावरटपणा. माणसं नटूनथटून ओट्यावर बसून राहत, पोटात कावळे ओरडत, पण कौसाबाई दिसल्याशिवाय कोणी उठत नसे. मला आधी याचं हसू येई. मग मीही तशीच बसायला शिकले.

या फिरण्यात तिची स्वतःची पंगत मात्र हुकायची. शेवटच्या घराला हाक मारून ती परत येईपर्यंत उष्टी निघालेली असत. मग यजमानीणबाई तिच्या टोपलीत काहीबाही बांधून देत. "कौसाबाई, तुम्ही बसा ना आमच्यासोबत," असं मी एकदा म्हटलं, तर ती हसून म्हणाली, "मी बसली तर तुमाले बोलवाले कोन येईन?" आम्ही सगळ्याजणी हसलो.

पुढे नव्या वस्तीत छापील कार्डं आली. पहिलं आलं ते जिनिंगच्या मॅनेजरांच्या बायकोचं, चहापानाचं. वर सोनेरी वेलबुट्टी, खाली वेळ, सायंकाळी साडेपाच. दुसरं बोलावणं वगैरे भानगडच नाही. आम्ही ठेवणीतली पातळं नेसून वेळेआधीच त्यांच्या फाटकाशी हजर! मी ते कार्ड कौसाबाईला दाखवलं. तिने उलटंपालटं करून पाहिलं, "झ्याक हाय, पन बोलत नाही काई," म्हणाली आणि परत दिलं.

आणि मग एका चैत्रात ती दारात आली तेव्हा करंडा नवाकोरा होता. "आज कोणाकडचं?" मी सवयीने विचारलं.

"मायाच घरचं," म्हणताना ती चक्क लाजली. "शेवंताचं लगन. चूलबंद हाय बरं, सूनबाई. मास्तरले बी आना."

शेवंता तिची एकुलती एक लेक. कौसाबाईचा नवरा जिनिंगात हमाल, घर जुन्या वस्तीच्या टोकाला. कौसाबाईने वकील, डॉक्टर, मॅनेजर, एकही घर सोडलं नाही. त्याला कारण होतं. "पोराकडचे म्हनतात, तुमाले गावात ओयखते कोन? आता पाहतीनच ना मांडवात." या बायका मांडवात बसलेल्या व्याह्यांना दिसाव्यात, एवढीच तिची हौस होती.

लग्नाच्या दिवशी मी चूल पेटवली नाही. जरीचं पातळ नेसून ओट्यावर बसले. समोर वकिलीणबाई बसलेल्या, पलीकडे डॉक्टरीणबाई. मास्तर टोपी घालून तयार. वाजंत्री ऐकू आली, मग थांबली. "लग्न लागलं वाटतं, आता येईलच कौसाबाई," आम्ही एकमेकींना सांगत होतो. सावल्या लांबल्या, लेकरं भुकेने रडायला लागली. शेवटी वकिलांच्या कौलांतून धूर निघाला, मग डॉक्टरांच्या. मग मीही पिठलं टाकलं.

येणार कशी ती? नवरीची आई होती, मांडवात अडकलेली. आणि दुसरं बोलावणं द्यायला तिच्याशिवाय गावात कोणी नव्हतं. हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही, असं आम्ही पुढे कितीतरी दिवस एकमेकींना सांगत राहिलो. पण चहापानाला वेळेआधी फाटकाशी पोचलेले पाय आमचेच होते. रीत आम्हाला आठवली ती हमालाच्या मांडवात जायच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई आली. करंड्याऐवजी हातात टोपली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनेच हात जोडले. "चुकलं, सूनबाई. दुसरं बोलावनं राहूनच गेलं. वरातीच्या लोकायपायी मले हालताच नाही आलं. तुमी उपाशी बसल्या असान." टोपलीत कालची बुंदी होती. तशीच ती घरोघर माफी मागत, बुंदी वाटत फिरत होती.

"व्याही काय म्हणाले?" मी विचारलं.

"जेवले ना पोटभर. इतकंच म्हने, गावचे लोक काई दिसले नाही."

आम्ही तशाही यायला हव्या होत्या, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "असू द्या हो, होतं असं कधीकधी." म्हणजे मी तिलाच माफ केलं! ती बुंदी मला खाववली नाही आणि टाकवलीही नाही.

त्यानंतरही ती आवतनं देत राहिली. कार्डं वाढली तशी तिची घरं कमी झाली, इतकंच. आणि एका हिवाळ्यात थोड्या दिवसांच्या तापाने ती गेली.

मयताला आवतन लागत नाही. बातमी कानावर आली तशा आम्ही हातातली कामं टाकून निघालो. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मॅनेजरांची बायकोसुद्धा आली होती. शेवंता आर्णीकडच्या सासरहून आली होती, सोबत तिची सासू. सासूबाई त्या गर्दीकडे पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढे लोक ओयखत होते तुया मायले?"

शेवंताने मान हलवली. मग ती उठून आमच्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आज तर कोनी बोलावलं बी नाही, तरी आल्या तुमी साऱ्या. लय केलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.