त्याने निवडलेला रेग्युलेटर

सोल्डरच्या राळेचा वास आला की धाकटा भाऊ आठवतो. गावच्या दशावतारासाठी आम्ही लेझरचा दिवा बनवत होतो. त्याच्या डायोडला दहा अँपिअर लागत, म्हणून व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर मी पुस्तक बघून दहाचाच निवडला. भावाने वीसचा आणला. "दादा, पेटी बंद, वर पत्रे. तुझो तापतलो." वडिलांनी चालू दिव्यात माझ्या रेग्युलेटरवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं. "बुकां रवांदेत रे, धाकट्याचो लाव!" सगळे हसले. मी आठ दिवस भावाशी बोललो नाही. परवा त्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी तो दिवा तासभर लावला आणि त्याच्या रेग्युलेटरवर बोट ठेवलं. कोमटच होता. मला पुन्हा हेवाच वाटला. हसायला मात्र कुणी नव्हतं.