वैशालीचा हिरवट कडांचा बगळा

आज वैशालीला जाऊन वर्ष झालं. माझा हेवा काही अजून गेलेला नाही.

तिच्या या फोटोखाली तुम्ही लिहाल, किती गोड होती. होतीच. मला तेच तर सहन व्हायचं नाही.

तिला मीनाकारी मी शिकवली. बेलापूरला, माझ्या हॉलमधल्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीवर. तांब्याच्या तुकड्यावर काचेची रंगीत पूड चाळायची, भट्टीत ठेवायचं, पूड वितळून चकाकली की लगेच बाहेर.

दिघ्याहून दोन बस बदलून यायची. तिसऱ्याच महिन्यात तिची पेंडंट्स माझ्यापेक्षा छान दिसायला लागली.

मी बारा वर्षं करत होते.

एका शनिवारी खारघरच्या प्रदर्शनवाल्या मॅडम सॅम्पल बघायला आल्या. माझ्या ट्रेवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली आणि वैशालीच्या पांढऱ्या बगळ्यांच्या पेंडंट्सवर थांबली.

"हिला तुम्ही शिकवलंत? वा."

एवढंच माझ्या वाट्याला.

त्या गेल्यावर वैशालीने सगळ्यात मोठा बगळा भट्टीत ठेवला, आणि तिच्या सासूबाईंचा फोन आला.

"ताई, जरा लक्ष ठेवा हां. आलेच."

हो म्हटलं.

दोन मिनिटं झाली. पूड चकाकली. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. हाक मारली नाही, बगळाही काढला नाही.

पांढरा मीना जास्त तापला की कडा हिरवट-काळ्या पडतात. तशाच पडल्या.

"अगं बाई, लक्षच नाही राहिलं," मी म्हटलं.

ती चिमट्यात धरून बघत राहिली. "ताई, हा आत्ता चिखलातून उठल्यासारखा वाटतोय. आमच्याकडे खाडीवर असेच असतात."

खारघरला पहिल्या तासातच तो विकला गेला. मग सगळ्यांना तसलाच हवा. ती मुद्दाम वीस सेकंद जास्त ठेवायला लागली. वर प्रत्येक स्टॉलवर मला पुढे करायची, "या माझ्या गुरू."

माझं डोकं फिरायचं.

शेवटी भेटायला गेले तेव्हा तिला उठून बसवत नव्हतं.

"ताई, त्या दिवशी तुमी हाक नाय मारली ते बरं झालं."

"कुठल्या दिवशी गं?"

"मी आत आले तेवा तुमी घड्याळच बघत होतात."

म्हणजे पाच वर्षं तिला माहीत होतं. पाच वर्षं ती मला गुरू म्हणत होती.

घरी येऊन खूप रडले. त्यातही राग होताच. हात तिचा चांगला, नजर तिची चांगली, आता मनही तिचंच मोठं.

काल मी बगळे केले. घड्याळ लावून, बरोबर वीस सेकंद जास्त. नुसते करपले.

तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते.

वैशाली, त्या दिवशी माझं लक्ष होतं.

नमस्कार घे बाई माझा.