पालकांना घेऊन या

जालन्यात माझं मोटर भरायचं दुकान आहे. शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी येतात, मी नवी तार भरून त्या चालू करून देतो. सेहेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं. सकाळचं दुकान बायकोवर टाकलं आणि वाटूरला राहणाऱ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, एका शब्दानं सांगितलं नाही. या दोन्ही गोष्टी मनाला लागून असायच्या. तरी कॉलेजचा जिना चढताना मी गुणगुणत असे, तेही लपवत नाही.

आता पदवीला कुठल्याही विभागाचे विषय जोडून घेता येतात, हे मला मुलीनं सांगितलं होतं. मोटर फिरली की नुसत्या आवाजावरून बेरिंग गेलेलं मला कळतं. ते का कळतं, हे मात्र कधी कळलं नव्हतं. म्हणून भौतिकशास्त्र घेतलं. ध्वनीचा धडा झाला आणि मला गाण्याचा वर्ग खुणावू लागला. महिनाभर तिथं बसून पाहिलं, मग दुसऱ्या वर्षाला संगीत मागितलं. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "वेगळ्या शाखेचा विषय आहे. पालकांची सही लागेल, समक्ष."

"मॅडम, मीच पालक आहे. माझी मुलगी बारावीला आहे."

"तिचे पालक तुम्ही. तुमचे कोण?"

"वडील आहेत."

"मग आणा की. शुक्रवारनंतर विषय बदलता येणार नाही."

दुकानात येऊन मी फोन लावला. "अण्णा, कॉलेजात यावं लागतंय तुम्हाला."

"का? काय केलं नातीनं?"

"तिनं न्हाई. मी."

"तू कॉलेजात काय करून राह्यला?"

"शिकून राह्यलो."

पलीकडचा रेडिओ बंद झाला. मग म्हणाले, "मारामारी केली का?"

"न्हाई, अण्णा! गाणं शिकायचंय."

"येतो," म्हणाले आणि फोन ठेवला. रागावलेत की काय, काही समजेना.

शुक्रवारी ते लग्नाकार्याची टोपी घालून एसटीतून उतरले. पहिला प्रश्न, "दुकानावर कोण हाय?"

"ती आहे."

"तिला इचारलं का?"

"विचारलं."

"बराबर. मलाच तेवढं न्हाई इचारलं."

मी मान खाली घातली. मग रिक्षाला हात केला.

कॉलेजात त्यांनी सहीच्या कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. संगीताच्या बाई माझ्या मुलीहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. सरळ त्यांच्या वर्गात शिरून अण्णा म्हणाले, "बाई, पोरगं वर्गात नीट बसतंय का?"

"बसतात."

"गाणं येतंय का पण?"

बाई अडखळल्या. "प्रयत्न करतात."

"मंग ऐकल्याबिगर सही न्हाई."

अण्णा मागच्या बाकावर जाऊन बसले. वर्गातली पोरं आपापले मोबाइल ठेवून सरसावली. बाईंनी पेटीवर सूर दिला. मी सा लावला, रे लावला, पंचमावर गेलो आणि आवाज खरखरला.

"बेरिंग गेलं!" मागून अण्णा.

सगळा वर्ग हसत सुटला. बाईंनी ओढणी तोंडावर धरली. मलाही हसू आवरेना आणि हसता हसता छातीतलं काहीतरी सैल झालं.

"काका, पुन्हा," पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी पंचम लागला. घासला नाही, डगमगला नाही. पेटीच्या आवाजात असा मिसळला की माझा कुठला आणि पेटीचा कुठला, मला वेगळं काढता येईना. खरं सांगतो, इतका आनंद मला नवं दुकान उघडलं तेव्हाही झाला नव्हता. मागं पाहिलं तर अण्णांनी डोळे मिटले होते.

"आता बराबर चालली," ते म्हणाले. "आणा कागद."

स्टँडवर मी बोललो, "अण्णा, आधीच सांगायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं. वर्ष झालं, माझं गावात सांगायचं राहून गेलं ना!"

एसटीत बसल्यावर ती कसर त्यांनी लगेच भरून काढायला घेतली. खिडकीतून मला स्पष्ट ऐकू येत होतं. कंडक्टरला म्हणाले, "पोराच्या कॉलेजात गेल्तो. बाईंनी बोलावलं होतं."

"कितवीला आहे नातू?"

"नातू न्हाई हो, पोरगं. ते काय, खाली उभं हाय."

कंडक्टरनं वाकून खाली पाहिलं. फलाटावर माझ्या अर्ध्या पांढऱ्या डोक्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी हात वर केला.