बियाण्याची काकडी
पिकलेल्या काकडीचा आंबूस वास आला की मला शेलार गावाजवळ, माझ्या चुलतीच्या गावात भरलेलं देशी बियाण्यांचं प्रदर्शन आठवतं. मंडप मोठा होता आणि भाषणं त्याहून मोठी. चुलतीच्या परसात, पाऊस ओसरायच्या आत पिकून मोकळी होणारी एक जुनी काकडी होती. आजूबाजूच्या शेतांत गोदामं आल्यापासून ती तिच्याकडेच उरली होती. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला आमच्याकडे चिंधी बांधतात. मग त्याला कोणी हात लावत नाही. वेलावर तसं एकच फळ होतं. शहरातून आलेल्या संयोजकांना चिंधी कळकट वाटली आणि ती पिवळीधमक काकडी प्रमुख पाहुण्यांना शोभेलशी, म्हणून त्यांनी चिंधी सोडून ती तोडून नेली. चुलतीला कळलं तोवर मंचावर फोडी गेल्या होत्या आणि पाहुण्यांनी फोटोसाठी एक तोंडात घातली होती. ती तडक वर चढली, उरलेली बशी तिने पदराखाली घेतली आणि म्हणाली, "सायेब, गिळू नका. त्यात माझा पुढल्या सालचा वेल हाय." संयोजक धावले. पाहुण्यांनी त्यांना हातानेच थांबवलं, तोंडाशी रुमाल धरला आणि बिया तिच्या तळहातावर दिल्या. "दातात न्हाय ना राहिली?" तिने विचारलं. त्यांनी जिभेने नीट शोधलं, एक सापडली. बियाणं जपणाऱ्यांचे सत्कार मी नंतर पुष्कळ पाहिले, पण दातातली बी परत करणारा पाहुणा अजून तो एकच.